वास्तुकला मुलांना दाखवायला सुरुवात कुठून करू?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जागतिक वास्तुकला दिन असतो. त्याचं निमित्त साधून मुख्याध्यापिकांनी आठवी-नववीच्या २२ मुलांचा एक गट माझ्याकडे सोपवलाय. सहा शनिवार, दर वेळी दोन तास. विषय : वास्तुकला आणि आर्किटेक्टचं काम. मी स्वतः आर्किटेक्ट नाही.

पहिला शनिवार झाला आणि तो फसला, म्हणून इथे लिहितेय. मी तीन रात्री बसून ४० स्लाइड केल्या होत्या. पिरॅमिड, पार्थेनॉन, ताजमहाल, आयफेल टॉवर, सिडनीचं ऑपेरा हाउस, बुर्ज खलिफा, सगळं होतं त्यात. मुलं शहाण्यासारखी बसली. प्रश्न आले ते असे : सगळ्यांत उंच कुठली, किती वर्षं लागली, खर्च किती आला. मी आकडे सांगितले, त्यांनी वहीत उतरवून घेतले. शेवटी मी विचारलं, "मग आर्किटेक्ट करतो काय?" उत्तरं आली : "बिल्डिंगचं चित्र काढतो", "बिल्डिंग बांधतो", आणि एकाचं, "इंजिनिअरच असतो बाई, फक्त गणित कमी."

सगळे गेल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. दप्तराचा पट्टा हातात गुंडाळत म्हणाली, "बाई, आपल्या जिन्यातली खिडकी एवढी वर का आहे? मला त्यातून कधीच बाहेरचं दिसत नाही. कुणी ठरवलं ते?"

मला उत्तर देता आलं नाही. पण माझ्या ४० स्लाइडनी जे झालं नव्हतं ते तिच्या त्या प्रश्नात होतं, एवढं मात्र मला तिथल्या तिथे कळलं.

आता पाच शनिवार उरलेत. त्या खिडकीपासून सुरुवात करायची म्हटलं तर कशी करू? साहित्य म्हणाल तर पुठ्ठे, खोकी, कात्र्या, सुतळी, मोजपट्ट्या एवढंच आहे. यातल्या सगळ्यांना पुढे आर्किटेक्ट व्हायचंय असं नाही, बहुतेकांना नाहीच. तरी हा विषय त्यांच्यापर्यंत पोचावा असं मनापासून वाटतं. इथे कुणी या कामात असेल तर सांगा.

---

उभाछेद

ताई, मी २६ वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतोय आणि गेली नऊ वर्षं सुट्टीत मुलांचे वर्ग घेतो. त्या मुलीला शोधून तिची पाठ थोपटा. "कुणी ठरवलं?" हा प्रश्न पडायला आमच्या कॉलेजातल्या मुलांना दोन-दोन वर्षं लागतात.

मुलांना इमारती डोंगरासारख्या वाटतात. त्या आधीपासून होत्या, तशाच असणार, त्यात कुणाचा हात नाही. तुमच्या स्लाइडमधल्या इमारती तर आणखीनच दूरच्या डोंगरांसारख्या. म्हणून पहिली गोष्ट करायची ती ही की, मुलं रोज ज्याला हात लावतात त्यातली प्रत्येक उंची आणि प्रत्येक रुंदी कुणीतरी एका दिवशी, कागदावर, पेन्सिलीने ठरवली होती, हे त्यांच्या अंगवळणी पाडायचं. हे सांगून होत नाही. मोजायला लावावं लागतं.

पुढच्या शनिवारी प्रोजेक्टर बंद ठेवा आणि जिन्यावर जा. दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येक पायरीची उंची आणि रुंदी वेगवेगळी मोजायची. "सगळ्या सारख्याच आहेत" म्हणून एकच मोजून पुढे जाऊ देऊ नका. मग फळ्यावर लिहा : दोन पायऱ्यांच्या उंच्या अधिक एक रुंदी. उत्तर ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास येतं का बघा. १५ उंच आणि ३० रुंद असेल तर ६०. १७ आणि २९ असेल तर ६३. हा हिशोब सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने मांडला आणि जगभर आजही तो वापरात आहे. त्याचा आधार माणसाचं पाऊल. सपाटीवर चालताना आपलं पाऊल साधारण तेवढं पडतं आणि वर चढताना ते आखूड होतं, म्हणून उंची दुप्पट धरायची. मुलांना सपाटीवर दहा पावलं चालायला लावा, अंतर मोजा, दहाने भागा. मुलांची पावलं मोठ्यांपेक्षा आखूड येतील. मग त्यांनाच विचारा, बालवाडीचा जिना आणि कॉलेजचा जिना सारखा असावा का? यावर माझ्या वर्गात एकदा पाऊण तास वाद झाला होता आणि मी तो मध्ये पडून थांबवला नाही.

आता महत्त्वाचं. एखादी पायरी वेगळी निघेल. बहुधा अगदी पहिली किंवा अगदी शेवटची. का, ते शोधायला लावा. माझ्या सुरुवातीच्या एका कामात जिना ओतून झाला आणि नंतर वरच्या मजल्याची फरशी बदलून जाड दगड घ्यायचं ठरलं. मी होकार दिला आणि जिन्याचा छेद, म्हणजे उभा कापून बाजूने दाखवलेलं चित्र, पुन्हा उघडून पाहिला नाही. सगळ्या पायऱ्या १५ सेंटिमीटर, शेवटची १८. जागा वापरात आली त्या दिवशी मी वरच्या मजल्यावर उभा होतो. तासाभरात चार जणांचा पाय तिथेच अडखळला, त्यातल्या एक आजी गुडघ्यावर पडल्या. माणसाच्या पायाला दोन-तीन पायऱ्यांत उंचीची सवय होते आणि मग तो न बघता चालतो. तीन सेंटिमीटर त्याला पुरतात. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो. आर्किटेक्ट काय करतो याचं माझ्याकडे यापेक्षा खरं उत्तर नाही : लोक न बघता चालतील ती जागा तो आधी बघतो, आणि तो बघायचा राहिला तर कुणीतरी पडतं.

खिडकीसाठी खोकं घ्या. बुटाचं खोकं उत्तम. आतून पांढरा कागद लावा. एका अरुंद बाजूला डोळा लावण्यापुरतं भोक. दुसऱ्या अरुंद बाजूला, म्हणजे डोळ्यासमोर, काहीच नको. लांब बाजूला एकाच मापाच्या दोन खिडक्या कापा, एक तळाशी आणि एक वर छताजवळ. दोन्हींवर पुठ्ठ्याची झडप ठेवा. आता खोकं खिडकीशी धरून डोळा भोकाला लावायचा आणि जोडीदाराने एकेक झडप उघडायची. खालची उघडली की खिडकीजवळची जमीन उजळते आणि पलीकडची भिंत अंधारीच राहते. वरची उघडली की तेवढ्याच भोकातून आलेला प्रकाश थेट पलीकडच्या भिंतीवर जातो. आम्ही ढोबळ हिशोब असा धरतो की, खिडकीची वरची कड जेवढी उंच त्याच्या दोन-अडीच पट आतपर्यंत दिवसाचा प्रकाश कामाचा राहतो. मग झाकणाच्या मध्यावर एक गोल भोक पाडा आणि खोकं उन्हात न्या. आत प्रकाशाची टिकली पडेल, खोकं फिरवलं की ती भिंतीवरून सरकेल. हे झाल्यावर रोमच्या पँथिऑनचा फोटो दाखवा. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, माथ्यावर ९ मीटरचं उघडं भोक, त्याला काच नाही, आणि गेली जवळजवळ १९०० वर्षं उन्हाचं ते मंडळ त्या भिंतींवरून फिरतंय. स्लाइडवर तेच चित्र आधी आलं असतं तर मुलांनी फक्त व्यास लिहून घेतला असता.

शेवटी छेद. प्लॅन मुलांना लवकर कळतो, कारण तो नकाशासारखा असतो. छेद म्हणजे इमारत वरून खाली सुरीने कापून बाजूने बघायची. १:२० या मापात काढायला सांगा, म्हणजे खरे २० सेंटिमीटर कागदावर १ सेंटिमीटर. जिन्याचा मधला चौक, भिंत, खिडकी, आणि त्यात त्या मुलीने स्वतःला उभं करायचं. उंची मोजून, डोळ्यांची उंची मोजून. माणसाशिवायचा छेद मी माझ्या ऑफिसमध्येही कुणाला टेबलावर ठेवू देत नाही.

---

ओळंबा

वरच्या प्रतिसादातलं जवळपास सगळं पटलं. मी साइटवरचा माणूस आहे, सिव्हिल इंजिनिअर, ३० वर्षं काँक्रीटमध्ये गेली. एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. ताई, मोठ्या इमारती टाकून देऊ नका. मुलांना त्या आवडतात आणि आवडायलाच हव्यात. त्या केवढ्या आहेत हे सांगण्याऐवजी त्या उभ्या कशा राहिल्या हे मुलांच्या हातांनी करून घ्या.

दोन मुलांना एका साखळीची टोकं धरून उभं करा, साखळी मध्ये सैल लोंबू दे. मागे कागद धरून तिचा आकार गिरवा. मग कागद उलटा करा. झाली कमान. लोंबणाऱ्या साखळीत फक्त ताण असतो, उलटी केली की त्याच आकारात फक्त दाब राहतो, आणि दगड-विटांना दाब चालतो, ताण चालत नाही. रॉबर्ट हूकने १६७५च्या सुमारास हे मांडलं. पुढे बार्सिलोनाजवळ कोलोनिया ग्युएलच्या चर्चसाठी आंतोनी गौदी या आर्किटेक्टने छताला सुतळ्या टांगून त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या. जिथे जेवढं वजन येणार तिथे तेवढ्या. सगळं उलटं लोंबणारं चर्च. त्याचे फोटो काढून ते उलटे करून तो त्यावर रेखाटायचा. या नमुन्यावर त्याची सुमारे दहा वर्षं गेली. बांधकाम १९०८ला सुरू झालं, १९१४ला थांबलं, आणि खालचा तळघराचा भागच तेवढा उभा राहिला. तो आजही उभा आहे.

मुलांनी गिरवलेला आकार जाड थर्मोकोलवर ठेवून चार बोटं रुंदीची पट्टी कापा आणि तिचे नऊ किंवा अकरा तुकडे करा. काप आकाराला काटकोनात हवा. खाली पुठ्ठ्याचा आधार देऊन तुकडे रचा, हे तुमचं सेंटरिंग. दोन्ही टोकांना जाड पुस्तकं टेकवा. मधला तुकडा बसवा आणि आधार हळूच काढा. गोंद नाही, काही नाही, कमान उभी. आता एका बाजूचं पुस्तक बाजूला सरकवायला सांगा. कमान पाय पसरते आणि कोसळते. भिंती एवढ्या जाड का बांधायचे, जुन्या इमारतींना बाहेरून टेकू का असतात, हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही. आणि मग सांगा की फ्लॉरेन्सचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासूनचं सेंटरिंग न लावता, चाळीस लाखांहून जास्त विटा रचून उभारला. तेव्हा मुलं नुसते आकडे लिहून घेणार नाहीत. आधार नव्हता तर त्या विटा पडल्या का नाहीत, असं विचारतील. उत्तर : प्रत्येक गोल थर पूर्ण झाला की तो स्वतःच स्वतःला धरतो, आणि थर पुरा होईपर्यंत अधूनमधून उभ्या लावलेल्या विटा बाकीच्यांना घसरू देत नाहीत.

"इंजिनिअरच, फक्त गणित कमी" म्हणणाऱ्या मुलासाठी. बाळा, इमारत पडू नये ही माझी जबाबदारी. तिथे माणसाने कसं राहावं, कुठून यावं, कुठे बसावं, ऊन कधी आत घ्यावं आणि कधी अडवावं, हे आर्किटेक्ट ठरवतो. माझ्या सोयीचा कॉलम बरेचदा बरोब्बर दाराच्या समोर येतो. मग आम्ही दोघं एकाच कागदावर बसतो. तो म्हणतो इथे नको, मी म्हणतो काढला तर बीम एवढा खाली येईल, तो म्हणतो मग छत बुटकं वाटेल. तीन-चार दिवस हे चालतं. चांगली इमारत या बोलण्यातून तयार होते.

साइट दाखवायची असेल तर परवानगी, हेल्मेट, पायात बूट, आणि एका वेळी सहा मुलांपेक्षा जास्त नकोत. स्लॅब ओतण्याच्या दिवशी अजिबात नेऊ नका. जमणार नसेल तर बाहेरून, दर शनिवारी त्याच जागी उभं राहून, त्याच इमारतीचं एक रेखाचित्र काढायला लावा. पाच चित्रं शेजारी लावली की बांधकामाचा क्रम आपोआप कळतो.

---

अर्धा_ब्लॉक

मध्येच विचारतो, राग मानू नका. माझा मुलगा नववीत आहे आणि दिवसरात्र माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये बांधकाम करतो. हे या विषयात धरायचं का? का वेळ वाया?

---

उभाछेद

धरायचं. त्यात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. त्याला सांगा, राहतं घर मोजून त्याच मापात बांध. पहिल्या दहा मिनिटांत त्याची भिंत एक मीटर जाड होईल आणि न्हाणीघर उरणारच नाही. मग तो विचारायला येईल की खरी भिंत किती जाड असते आणि का. दुसरं, त्यातले बहुतेक ठोकळे खालचा आधार काढला तरी हवेत तरंगतात. तो बांधतो त्यातलं खऱ्यात काय पडेल ते त्याला स्वतः खुणा करून दाखवू दे. ओळंबाकाकांची साखळी त्यानंतर दाखवा.

---

बटरपेपर

मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी चौदा वर्षांची असताना मला कुणी सांगायला हवं होतं ते लिहिते.

चित्रकला चांगली असलीच पाहिजे असं नसतं. मी दहावीपर्यंत हे क्षेत्र आपलं नाही असं धरून चालले होते, कारण मला घोडा काढता येत नाही. अजूनही येत नाही. लागतं ते लक्ष आणि पुन्हा करायची तयारी. माझ्या सध्याच्या प्रकल्पाचा प्लॅन सतराव्यांदा बदललाय. आम्ही जुन्या कागदावर बटर पेपर ठेवतो, पटतं तेवढं खालून गिरवतो, चुकलेलं सोडून देतो, मग त्यावर आणखी एक कागद. जमलं तर एखाद्या आर्किटेक्टकडून अशी चुकलेल्या कागदांची गठ्ठी आणून मुलांना पसरून दाखवा. पुस्तकातल्या चित्रात इमारत एकदाच सुचल्यासारखी दिसते. पण ऑपेरा हाउसचंच बघा ना, तुमच्या स्लाइडमध्ये होतं. यॉर्न उट्झनने १९५७ची स्पर्धा जिंकली तेव्हा ती शिडांसारखी छपरं बांधायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं आकार बदलले. १९६१च्या सुमारास ठरलं की सगळी शिडं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापलेली असतील, म्हणजे एकाच वक्रतेचे तुकडे साच्यात ओतून सगळीकडे वापरता येतील. इमारत उघडली १९७३ साली. हे दाखवायला एक चेंडू आणि स्केचपेन पुरे. चेंडूवर वेगवेगळ्या मापाचे त्रिकोण आखून मुलांना ती छपरं शोधू द्या.

ताई, एक विनंती. "तुमच्या स्वप्नातलं घर काढा" हे देऊ नका. मला ते तीनदा मिळालं होतं आणि तिन्ही वेळा मी पोहण्याचा तलाव काढला. त्यात दुसरं माणूस नसतंच, आणि आमचं काम तर कायम दुसऱ्या माणसासाठी असतं. त्याऐवजी शाळेतलाच एक माणूस निवडा, ज्याला कुणी कधी विचारलेलं नाही. सफाई करणाऱ्या मावशी, शिपाईकाका, ग्रंथपाल. चार मुलांनी त्यांच्याबरोबर अर्धा तास फिरायचं, बोलायचं कमी, बघायचं जास्त. त्यांना कुठे वाकावं लागतं, कुठे ओझं खाली ठेवून दार उघडावं लागतं, कुठे ते भिंतीला टेकतात. मग एकच गोष्ट सुधारायची, तीही मोजून, कागदावर.

मोठी उदाहरणं हवी असतील तर मुलांसाठी बांधलेल्या जागा दाखवा, त्या त्यांना लगेच कळतात. बुर्किना फासोमधल्या गांडो गावातल्या मुलाला, फ्रान्सिस केरेला, शिकण्यासाठी लहानपणी गाव सोडावं लागलं. शंभराहून जास्त मुलांच्या तापलेल्या, अंधाऱ्या वर्गात तो बसला. पुढे सुतारकाम शिकला, बर्लिनमध्ये वास्तुकला शिकला, आणि शिकता शिकताच पैसे उभे करून २००१ साली गावात शाळा बांधली. भिंती मातीच्या विटांच्या. पत्र्याचं छत वर उचलून खाली हवा खेळती ठेवलेली, म्हणजे तापलेला पत्रा वर आणि मुलं खाली गारव्यात. गावकऱ्यांनी हातांनी बांधली. २०२२ला त्याला प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यांत मानाचं पारितोषिक, मिळालं. तोक्योजवळचं फुजी किंडरगार्टन तर मुलांना बघूनच पळत सुटावंसं वाटतं : लंबगोल इमारत, छत म्हणजेच मुलांचं पळायचं मैदान, आणि आधीपासूनची तीन झाडं न तोडता छतातून वर आलेली. तेझुका पतिपत्नीचं काम, २००७चं. आणि अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आल्दो फान आयिक या आर्किटेक्टने १९४७पासून तीसेक वर्षांत मोकळ्या पडलेल्या कोपऱ्यांत सातशेहून जास्त खेळायच्या जागा केल्या. एक वाळूचा खड्डा, काही दगड, दोन-तीन लोखंडी कमानी. कुठे घसरगुंडीचा हत्ती नाही. कशाशी काय खेळायचं ते मुलांनी ठरवायचं. तुमच्या शाळेच्या आवारात असा एखादा पडीक कोपरा असेलच.

मुलींसाठी मुद्दाम : प्रित्झकर १९७९पासून देतात आणि ते मिळालेली पहिली स्त्री झाहा हदीद, २००४ साली. २५ वर्षं लागली. श्रीलंकेच्या मिनेट डी सिल्वा १९४८मध्येच रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या असोसिएट, म्हणजे सदस्य, झाल्या होत्या, आशियातल्या पहिल्या स्त्री. हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळलं. आठवीत कळायला हवं होतं.

---

खडूफळा

तीन शनिवार झाले. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि थोडं सविस्तर सांगते कारण मला राहवत नाहीये.

जिना मोजला. अकरा पायऱ्या १५ सेंटिमीटर, अगदी खालची १२. दोन मुलं पोटावर पडून कडेचा सांधा बघत होती. त्यांनीच शोधलं : खालच्या व्हरांड्यात जुन्या फरशीवर नव्या टाइल घातल्यात. दारापाशी दोन थर शेजारी शेजारी दिसतात. "बाई, म्हणून उतरताना इथे गुडघ्याला दणका बसतो!" हे ओरडणारा मुलगा पहिल्या शनिवारी 'उंची किती' विचारणारा होता.

मावशींबरोबर जो गट गेला त्यांना नळ सापडला. नळाचं तोंड जमिनीपासून २९ सेंटिमीटर, बादली ३३. म्हणून मावशी रोज मगाने बादली भरतात. मुलांनी मोजलं, एक बादली भरायला १४ मग. दिवसाला नऊ बादल्या. एका मुलीने गुणाकार करून वहीत १२६ लिहिलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. मी या शाळेत आठ वर्षं शिकवतेय. मावशी मगाने बादली भरतात हे मी रोज बघत होते, पण का ते कधी मनात आलं नव्हतं.

आणि ती खिडकी. मुलीने १:२० मध्ये छेद काढला. तिची उंची १४८, डोळे १३८ वर. कागदावर डोळे ६.९ सेंटिमीटरवर, खिडकीची खालची कड १७० म्हणजे ८.५ वर. मधला फरक १.६ सेंटिमीटर. तिने त्यात लाल रंग भरला आणि शेजारी लिहिलं : ३२.

"कुणी ठरवलं" याचा पाठपुरावा तिने सोडला नाही. ऑफिसच्या कपाटात शाळेचे मूळ नकाशे गुंडाळी करून ठेवलेले निघाले, निळ्या छापाचे, घड्यांवर फाटलेले. मुख्याध्यापिकांनी स्वतः उलगडले. छेदात खिडकी ९० वर छापलेली आहे. त्यावर पेन्सिलीने काट मारून कुणीतरी १७० लिहिलंय. आम्ही सगळे त्या पेन्सिलीच्या रेघेवर वाकून बघत होतो, बावीस डोकी. का, ते आवाराच्या नकाशात मिळालं. खिडकीच्या खाली तुटक रेघांचा चौकोन आहे आणि त्यात लिहिलंय 'सायकल शेड'. म्हणजे खिडकी खाली असती तर मुलं थेट शेडच्या पत्र्यावर उतरली असती. कुणीतरी आमच्याच मुलांचा विचार करून ती वर नेली. शेड आता नाही. कधीच पाडली. आता त्या जागी कडुनिंब आहे.

यावर मुलांचे दोन तट पडलेत. निम्मी म्हणतात खिडकी खाली घ्या, झाड दिसेल. निम्मी म्हणतात भिंत फोडली तर इमारतीला धोका. मला काय सांगावं कळेना.

---

ओळंबा

रुंदी तीच ठेवून फक्त खालची कड उतरवायची असेल तर वरच्या लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईला, हात लागत नाही. वरचं वजन लिंटेलवरून दोन्ही बाजूंच्या भिंतीत जातं, खिडकीखालच्या विटा फारसं काही उचलत नसतात. त्यामुळे हे सहसा सोपं काम असतं. तरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एकही वीट काढायची नाही. भिंतीत वायर किंवा पाइप आहे का, मधल्या चौकाचा बीम कुठे टेकलाय, हे इंजिनिअरने जागेवर येऊन बघायचं. रुंदी वाढवायची म्हणाल तर तो वेगळा विषय, तिथे मुलांच्या दुसऱ्या तटाचं म्हणणं खरं ठरतं.

---

उभाछेद

ताई, त्या पेन्सिलीच्या रेघेचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद सपाट करून ठेवा, पुन्हा गुंडाळू नका.

कड १०० वर आणली तर सगळ्यांना झाड दिसेल, पण मग तिथून कुणी वाकून पडणार नाही हे बघावं लागेल. ग्रिल हवं. उभ्या गजांमधून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये, म्हणून गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी. आडवे गज नकोत, मुलं त्यांची शिडी करतात. हे दोन्ही तटांना द्या आणि ग्रिल त्यांनाच आखू दे. त्या मुलीला सांगा, नवा छेद १:२० मध्येच काढ. कड १०० वर, ग्रिलसकट, झाडासकट, आणि पाचवीतलं एक मूलही शेजारी उभं कर, कारण खिडकी त्यालाही लागणार आहे. काढून झाला की इथे टाका, मी लाल पेनने तपासून देतो.

मावशींच्या नळाचं मात्र शनिवारपर्यंत थांबू नका. प्लंबरला नळ ४५ वर घ्यायला सांगा.